परत न जाणारं पाणी

सोमवार, ता. ४

पोचलो एकदाचा. जीपवाल्याने फाटकापाशी माझी ट्रंक उतरवली आणि म्हणाला, जावईबापू, आता सासर सांभाळा. मला हसू आलं. पहिल्याच दिवशी कुणी थट्टा केली की बरं वाटतं, परकेपणा जातो.

वसाहत टेकडीवर आहे. समोरासमोर दोन ओळी, प्रत्येकीत सोळा खोल्या. कारखाना कधीच बंद पडला, माणसं राहिली. माझी खोली फाटकाला लागूनच आहे. एक दार, गजांची एक खिडकी, नवा चुना. भिंतीवर दाब दाखवणारं गोल गेज आहे. खिडकीखाली लोखंडी झाकणाचं चेंबर आहे आणि त्यात माझा व्हॉल्व्ह.

कामाचं नीट लिहून ठेवतो. गावाची मेन लाइन इथवर चढते. पण वसाहतीच्या टाकीत कारखान्याच्या जुन्या विहिरीचंही पाणी मिसळतं. गावाकडून दाब आहे तोवर पाणी वर येत राहतं. खाली लाइन फुटली किंवा दुरुस्तीला बंद केली, की दाब पडतो आणि टेकडीवरचं पाणी उलटं धावतं, थेट लोकांच्या पिण्याच्या नळांत. ते अडवायला एकामागे एक दोन झडपा आहेत. दोन्ही आत उघडतात, मागून रेटा आला की बंद होतात. त्यांच्यामध्ये खाली एक तोंड आहे. एखादी झडप गळलीच तर पाणी तिथून जमिनीवर पडतं, गावात जात नाही. कचेरीतले साहेब म्हणाले, आत जाऊ दे, परत येऊ देऊ नकोस, बाकी काही डोकं चालवू नकोस.

खाली गावात ताई, भाऊजी आणि पाच वर्षांची ठमी राहतात. म्हणजे मी त्यांचंच पाणी राखायला आलोय. ही वही ताईने दिली. म्हणाली, शाळा आठवीत सुटली, निदान अक्षर सुटू देऊ नकोस. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. ताटात असो की पेल्यात, आधी मला, मग तिला.

संध्याकाळी वसाहतीच्या मुकादमांच्या घरच्या काकू तांब्याभर पाणी घेऊन आल्या. वरचं पाणी प्यायचं नाही अशी साहेबांची ताकीद आहे. माझे कॅन जीपमधून येतात. मी नको म्हटलं तर काकू हसल्या. म्हणाल्या, आज नाही तर उद्या पिशील रे बाबा, आम्ही काय ओढून नेतोय?

मंगळवार, ता. ५

पहिली तपासणी. मुकादमांनी चेंबरचं कुलूप काढून दिलं, दुसरी किल्ली माझ्या हवाली केली. झाकणाखालचे, झडपा जागेवर धरणारे आठही नट घट्ट. गेजची नळी जोडली, पण काटा ढिम्म. नळीत वाळू बसली होती. तोंडाने ओढली, थुंकलो, मोकळी झाली. मुकादम एकदम पुढे आले होते, पण काही बोलले नाहीत.  पाणी जरासं गोड आहे. कॅनच्या पाण्याने तीन चुळा भरल्या.

पहिली झडप : रबर कडक झालंय, काटा हळूहळू उतरतो. दुसरी झडप : उत्तम. नवं रबर मागवावं लागेल.

शनिवार, ता. ९

जीप आली. रबराची चिठ्ठी दिली. ताईलाही पत्र दिलं. तिच्या नळाला धड तासभर पाणी येत नाही आणि इथे दिवसभर धो धो. काकू म्हणाल्या, बहिणीला बोलाव की, आमचं काय जातंय! म्हणून लिहिलं, की खाली पाणी बंद असेल तेव्हा ठमीला घेऊन ये, वापरायला दोन कळश्या भरून ने. ठमीला वरून आपलं घर दिसतं का बघू दे.

मुकादम इथे एकोणीस वर्षं आहेत. बदलीचा हुकूम चार वेळा आला म्हणे. मग गेला का नाहीत, विचारलं. त्यांनी कमरेच्या किल्ल्या मोजल्या आणि उठून गेले.

दुपारी डोळा लागला. मी कधी दुपारी झोपत नाही. उठलो तेव्हा शर्टाच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

सोमवार, ता. ११

चेंबरमधला एक नट सैल. आवळला.

कॅनचं पाणी कडू लागलं. दुसरा कॅन फोडला, तोही तसाच. उलटी झाली. शेवटी नळाचं दोन तांबे प्यायलो. चूक झाली, ती इथे नोंदवून ठेवतो. पण इतकं बरं वाटलं.

बुधवार, ता. १३

तीन नट गायब. चेंबरची किल्ली मुकादमांकडे आणि माझ्याकडे. सरळ जाऊन भांडलो. गावातल्या लेकराबाळांच्या जिवाशी खेळताय, साहेबांना कळवतो, असं बरंच काही बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, पोरा, आधी स्वतःची ट्रंक बघ.

ट्रंकेत माझ्या रुमालात तीन नट बांधलेले होते. गाठ मी मारतो तशीच.

कुणाला न सांगता निघालो. चेंबर ओलांडून फाटकाबाहेर पडलो आणि घसा पाण्याने भरला. दहाव्या पावलाला गुडघे टेकले. तोंडातून पाणी येतच राहिलं, स्वच्छ, गार. श्वास घ्यायला जागा नव्हती. रांगत आत आलो तेव्हा थांबलं.

शुक्रवार, ता. १५

मुकादमांनी आज सगळं सांगितलं. एकोणीस वर्षांपूर्वी तपासनीस म्हणून तेच आले होते. त्यांनीही नळी तोंडाने ओढली होती. अंगात चढायला आठवडा लागतो. इथलं पाणी एकदा पोटात गेलं, की माणसाला परत जाता येत नाही, तो काही बाहेर कळवूही शकत नाही. वसाहतीतले सगळे असेच. काकूंना त्याचं काहीच वाटत नाही. त्या म्हणतात, इथे काय कमी आहे?

पण पाण्याला खाली जायचंय. त्याला नट सोडवणारे हात लागतात. पाना धरता येणारे इथे आम्ही दोघेच. खाली लाइन बंद असते त्या दिवशी मुकादम स्वतःला कोंडून घेतात, आणि तरी सकाळी हात सोललेले असतात.

मी विचारलं, त्या दिवशी तुम्ही मला का नाही अडवलंत? ते म्हणाले, तोंड उघडलं होतं रे. पाण्याने भरलं.

शनिवार, ता. १६

जीप. नवं रबर आलं. सोबत कचेरीचा कागद : मंगळवार ता. १९, सकाळी दहा ते चार, गावाची मेन लाइन दुरुस्तीसाठी पूर्ण बंद.

म्हणजे सहा तास खालून दाब शून्य. मध्ये फक्त माझ्या दोन झडपा.

जीपवाल्याला सांगायला गेलो, तोंड पाण्याने भरलं. चिठ्ठी दिली, ती हातातच भिजून लगदा झाली. तो म्हणाला, जावईबापू, डोळ्यांत पाणी? सासर मानवलेलं दिसत नाही. आणि गेला.

रबर बसवलं. मुकादम शेजारी बसून माझे हात बघत होते, मी त्यांचे. आठही नट आवळले. तपासणी : दोन्ही झडपा उत्तम.

सोमवार, ता. १८

ठरलं. उद्या साडेनऊला मला माझ्या खोलीत आणि मुकादमांना त्यांच्या खोलीत काकू बाहेरून कुलूप लावतील. पाने, हातोडी, सगळ्या किल्ल्या त्यांच्याकडे. मी त्यांना तीनदा बजावलं, चार वाजेपर्यंत काहीही वाजलं, कितीही वाजलं, तरी उघडायचं नाही. त्या म्हणाल्या, नाही उघडणार रे, एकदा शब्द दिला म्हणजे दिला.

ठमी नळाला तोंड लावून पाणी पिते. ताई कितीदा रागावली तरी.

मंगळवार, ता. १९

९.३५ — कुलूप लागलं.

१०.०५ — खालचा दाब गेला. पाइपात एक लांब ओढ ऐकू आली, कुणी आत श्वास घ्यावा तशी.

१०.२० — खिडकीतून मधलं तोंड दिसतंय. कोरडं. झडपा धरून आहेत.

१०.५० — डावा हात गज पिळतोय. मी सांगितलेलं नाही. उजव्या हातात पेन घट्ट धरलंय, म्हणून तो माझा आहे.

११.४० — कोरडं. एक थेंब नाही. नखं गेली दोन. चालेल. ठमीच्या नळात काही जाणार नाही. जमलं. ताई, मला हे जमलं —

१२.१५ — फाटकात कुणीतरी आलंय. बाई. कमरेवर कळशी, हातात दुसरी. बोटाला धरून

ताई.

मीच लिहिलं होतं. ता. ९. मागे पान उलटून बघितलं, माझंच अक्षर. खाली पाणी बंद असेल तेव्हा —

ओरडतोय. नुसतं पाणी येतंय तोंडातून.

तांब्याने पाइप बडवला. ताईने विचारलं, हे काय वाजतंय? काकू म्हणाल्या, खालचं पाणी बंद आहे ना, पाइपात हवा धरते. तुझा भाऊ कामात आहे गं, चारला सुटेल. तोवर बस सावलीत, दमलीस चढून.

ताईने मला पाहिलं. हसली. ठमीने हात केला.

पान फाडलं, मोठ्या अक्षरांत लिहिलं, गजाला लावलं. तिच्या डोळ्यांपुढे अक्षरं वाहून गेली. ती म्हणते, केवढा घामाघूम झालायस रे —

काकू तांब्या घेऊन नळाकडे —

पुन्हा बडवतोय. कुणी बघत नाही. शब्द दिलाय त्यांनी, मीच घेतला —

गेजचा काटा हलला. नळ उघडला.

पेला ताईच्या हातात. पिऊ नको. ताई, पिऊ नको. नाही, ती पीत नाही, ती कधीच आधी पीत नाही, ती वाकली, ठमीला म्हणतेय, घे बाळ, आधी तू —