दाजींची अर्ध्या घोड्याची मोटर

औंध,
ता. १० फेब्रुवारी १९७४

चि. कृष्णात यास नानासोचे अनेक आशीर्वाद वि. वि.

मास्तरकी सुटली, पण शाळा सुटत नाही. जूनला पहिलीत येणाऱ्या पोरांसाठी मण्यांच्या दहा पाट्या करून देतो, असं कबूल करून बसलोय. एका पाटीला शंभर मणी. पडवीतलं लाकूड कातायचं जुनं लेथ पायानं चालतं, अन् माझा गुडघा आता नुसत्या कविता म्हणा म्हणतो. म्हणून तुझी अक्का पायडल मारते, मी पटाशी धरतो. मी चालीवर कविता म्हणतो, तिचा पाय त्या तालात पडतो. काय सांगू, वर्ग भरल्यासारखा वाटतो!

पण संध्याकाळी तिचे घोटे सुजतात. मी लेथ विकायचं काढलं, तर दोन दिवस अबोला. मग एवढंच म्हणाली, "ते गेलं तर माझी दुपार कशी जायची?"

तू गिरणीतला फिटर, आणि वर माझा मेव्हणा. मोटर कोणती घ्यावी ते कळव. शक्यतो गोड आवाजाची बघ.

लोभ पट्ट्यासारखा ताठ असावा, सैल पडू नये.

तुझा,
नानासो

माधवनगर,
ता. १८ फेब्रुवारी १९७४

ती. दाजींच्या चरणी कृष्णातचा शि. सा. नमस्कार.

आवाज ऐकून गवई निवडतात दाजी, मोटर न्हाई. आमच्याकडं मोडीत थ्री फेजची मोटर स्वस्तात मिळती, पण तुमच्या घरात वीज सिंगल फेजची. तिथं ती नुसती कण्हत बसंल. सिंगल फेजची, अर्ध्या हॉर्सपॉवरची घेऊ, मण्यांना तेवढी लय झाली. दिव्याच्या वायरीवर जोडायची न्हाई. मीटरपासनं जाड वायर वेगळी ओढू, अर्थिंग करू.

मोटर मिनिटाला चौदाशेच्या वर फेरे घेती. अक्काच्या पायावर लेथ किती घेतं, ते घड्याळ लावून मोजा. त्यावर पुलीचं माप ठरवतो. अक्काला पाय शेकायला सांगा.

माया राहू द्या.

आपला,
कृष्णात

औंध,
ता. २४ फेब्रुवारी १९७४

चि. कृष्णात यास अनेक आशीर्वाद.

घड्याळ दुरुस्तीला गेलंय. काळजी नको. नदीवरची एक कविता मी तीस वर्षं वर्गात म्हणून घेतली, बरोबर एका मिनिटाची. ती म्हणत मोजलं. मोठं चाक एकशेवीस फेरे, लेथ त्याच्या आठपट, म्हणजे नऊशे साठ. गणितातही मी कच्चा नव्हतो, हे तुझ्या गिरणीत सांग. मोटर घेऊन लवकर ये, तुझी अक्का वाट बघते आहे.

घरी सर्वांना आठवण सांगावी, आमचीही ठेवावी.

तुझा,
नानासो

औंध,
ता. २१ मार्च १९७४

चि. कृष्णातास अक्काचे आशीर्वाद.

तू मोटर बसवून एस.टी. गाठलीस, अन् आमी दुसऱ्या दिवशी लाकूड चढवलं. पहिला मणी सुटला तो कुंपणावरनं भामाबाईच्या पापडांत. दुसरा सापडलाच न्हाई. भामाबाई म्हणाली, मास्तर आता शाळेला मणी देताय का गोफण चालवताय.

चूक कुठं झाली ते मला ठावं हाय. मोजताना कवितेत नदी डोहाशी आली, तवा हे थांबले. चष्मा पुसला. लहानपणी आपण कुठल्या डोहात पोहत होतो ते सांगितलं. माझा पाय चालूच हुता, अन् मी फेरेबी मोजत हुते. मिनिटाची दोन मिनिटं झाली, म्हंजे फेरे दुप्पट धरले. चक्कीवाल्या धोंडीबानं मोटरवर निम्म्या मापाची पुली घालून दिली, तवा लेथ शहाणं झालं.

माझ्या पायांची सूज उतरली. पण पायडल निघालं अन् मला पडवीत कामच उरलं न्हाई. दोन दुपारी घासलेलीच भांडी घासली. तिसऱ्या दुपारी जाऊन यांच्यापुढं हात केला, म्हटलं, पटाशी द्या. यांनी सरकून जागा दिली.

आज सव्वाशे मणी झाले, सगळे माझे. हे स्टुलावर बसून काचपेपर मारतात अन् मोटर चालीवर चालत न्हाई म्हणून कुरकुरतात.

यांच्या पटाशीची मूठ मला जाड पडती. पुढच्या खेपेला माझ्या हाताच्या मापाची एक आण.

तुझी,
अक्का