वेशीबाहेरचं टोपणनाव

नाशिक,
९ ऑक्टोबर १९७९

ती. रावजीमामांस,

मल्हारीचा सविनय जयभीम. मामींचे गुडघे आता कसे आहेत? छापखान्यात खिळे जुळवून जुळवून तुमचे डोळे चुरचुरतात, असं आई सांगत होती. चष्म्याचं मनावर घ्या.

इकडे मी कवी झालोय. हसू नका. आमच्या साहेबांना चिनी कवितेचं वेड लागलंय आणि त्यांनी ऑफिसातच कविमंडळ काढलंय (यायची सक्ती नाही, पण न येणाऱ्याची रजा मंजूर होत नाही). साहेब सांगतात, जुने चिनी कवी बहुतेक आपल्यासारखेच सरकारी नोकर. वरची मर्जी फिरली की लांब कुठेतरी बदली. मग कुणी तिथे कसलेल्या उतारावरून नाव घ्यायचं, कुणी दारातल्या झाडांवरून. एकाने तर स्वतःला दारुडा म्हातारा म्हणवून घेतलं (या नावाला आमच्याकडे तिघे लायक आहेत, पण कुणी पुढे आलं नाही). तेव्हा दिवाळीत निघणाऱ्या आमच्या संग्रहातही प्रत्येकाने राहत्या जागेवरून टोपणनाव घ्यायचं, खरं नाव कुठेही नको, असा हुकूम सुटला.

साहेबांच्या बंगल्यापुढे बकुळ, म्हणून ते ‘बकुळवासी’. हेडक्लार्क यादवांच्या दारात झाड नाही, सार्वजनिक नळ आहे, म्हणून ते ‘निर्झर’. मला विचारलं, कुठे राहता? म्हटलं, द्वारका चौकाच्या पुढे, वस्ती संपते तिथे आमची कॉलनी. साहेब गहिवरलेच. म्हणाले, अहो, तिकडचे थोर कवी नोकऱ्या सोडून मुद्दाम वेशीबाहेर राहायला जायचे, आणि तुम्ही आयतेच तिथे! ‘वेशीपार’ घ्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मामा, तोंड कडू झालं. आपल्या बापजाद्यांना हे टोपणनाव जन्मताच मिळत होतं, एक ओळ न लिहिता! ते कवी हौसेने बाहेर गेले, कंटाळा आला की आत आले. आपल्याला आत घेत होतं कोण? मी म्हटलं, साहेब, मल्हारी सहादू गांगुर्डे असंच छापा. तर म्हणे, त्याने रसभंग होतो. नळाने होत नाही, माझ्या बापाच्या नावाने होतो! बाबांना उभ्या गावात कुणी सहादू म्हटलं नाही. मरेपर्यंत ‘सहाद्या’. ते नाव नीट छापलेलं आईला एकदा बघायचंय. रोज विचारते, पुस्तक आलं का? आणि मी तिथे काय केलं? मान डोलावली. माझाच मला संताप येतो.

बाकी क्षेम. तुमच्या मैनेला आशीर्वाद.

तुमचा भाचा,
मल्हारी

ता. क. संग्रह येवल्याला, तुमच्याच छापखान्यात येतोय. माझं पान तुम्हीच जुळवा आणि ‘वेशीपार’ उडवून तिथे पूर्ण नाव बसवा. साहेब प्रुफं फक्त स्वतःच्या कवितेची बघतात.

ता. क. २. बोंबाबोंब होईल, पार डोंगरात सुरगाण्याला बदली होईल. होऊ दे.

ता. क. ३. कविता आज पुन्हा वाचली. बेताचीच आहे. पानात जागा कमी पडली तर कविता गाळा. नाव मोठ्या टायपात घ्या.