समोरच्या मेडिकलची वायर

५ जाने., अमरावती
गाइड सरांनी प्रबंधाचा मसुदा परत केला. "लॅबमध्ये सगळंच चालतं, खऱ्या जागेची नेट-ट्रॅफिक दाखव." मार्चमध्ये सबमिशन, आणि यांना आत्ता सुचलं!
अकोल्याला सलीमभाईंचा नेट कॅफे आहे. दादाच्या वर्गातले. सगळी मशीन राउटरमागे, बाहेर इंटरनेटवर सगळ्यांचा मिळून एकच पत्ता. रिझल्टच्या दिवशी साइटला वाटतं, एकच माणूस धडका मारतोय. ती अख्खा कॅफेच बंद करते. त्यांचं हे रडगाणं ऐकूनच तर विषय घेतला. माझ्या पद्धतीत राउटरनं मध्ये पत्ता बदलायचा नाहीच. प्रत्येक मशीनला स्वतःचा, थेट बाहेरपर्यंत.

१४ जाने., अकोला
रेकॉर्डिंग चालू. पण रोज दुपारी सगळी ट्रॅफिक भलत्याच पत्त्यावरून जाते. संध्याकाळी परत नीट. माझाच प्रोग्राम चुकतोय. पुन्हा लिहिला. पुन्हा तेच. वैताग.

२२ जाने.
आज दुपारी स्वतः बसून राहिले. लोडशेडिंग. मशीन इन्व्हर्टरवर, पण केबलवाल्याचं नेट गेलं. सलीमभाई शांतपणे उठले, गल्लीवरून आलेली वायर राउटरला खोचली. समोरच्या मेडिकलचं नेट! त्याचं विजेचं फीडर वेगळं, नेटची कंपनीही वेगळी.
"काहून नाही सांगितलं?"
"रोजचंच हाय ताई थे. मले वाटलं तुमाले मालूम असन."
इतके दिवस स्वतःला शिव्या घालत होते.

२ फेब्रु.
जुना राउटर काढून माझी पद्धत लावली. सकाळभर झकास. सलीमभाई खूश, चहा आला. मग लाइट गेली, वायर बदलली. नेटची कंपनी बदलली म्हणजे सगळ्या मशीनचे पत्ते बदलले, आणि सगळी अडकली. जुन्या राउटरमागे मशीनना हा बदल कळतही नव्हता.
तेल्हाऱ्याची एक मुलगी नर्सिंगचा फॉर्म भरत होती, शेवटचं पान. "ताई, होईन ना?" म्हणाली. मला रडू आलं. जुना राउटर लावला, तिनं पहिल्यापासून भरला. शेवटची बस गेली तिची.

९ फेब्रु., अमरावती
सर म्हणाले, "अकोल्याचं प्रकरण काढून टाक. लॅबचे आलेख देखणे आहेत, सही करतो."
तुम्हीच पाठवलं होतं ना! मसुदा उचलला नि बाहेर पडले.

११ फेब्रु.
सलीमभाईंचा फोन. "रिझल्टच्या आधी थे नवीनवालं लावून द्या. पोरायले सांगून ठेवलं मी, यंदा साइट बंद नाही पडत म्हणून."
मी हो म्हणाले. कशाच्या जोरावर?
प्रबंधाच्या दोन्ही प्रिंट काढल्यात, अकोल्यासकट आणि अकोल्याशिवाय. एकाच पिशवीत आहेत. उद्या सरांकडे जायचंय.