दारातली बाई, हिंमत बारा

वेस्टबी, विस्कॉन्सिन
९ फेब्रुवारी १९८८

ती. व्हर्लिनमामांस,
सोल्वेगचा सा. न. वि. वि.

तुमच्या फाशांच्या खेळातल्या राक्षसांच्या पुस्तकाची मुद्रितं छापखान्याने आकडे तपासण्यासाठी माझ्याकडे पाठवली. त्रेसष्ट राक्षस मी ऑक्टोबरमध्येच तपासून दिले होते. चौसष्टावा आज पहिल्यांदा पाहिला. पान एकशे बारा, 'दारातली बाई'.

पांढरे केस, पुरुषी स्वेटर, अनवाणी पाय, उजव्या पायाची दोन बोटं काळी पडलेली. ती उंबरठ्यावर उभी असते आणि येईल त्याला 'कोण आलं?' असं विचारते. उत्तर देणारा स्वतःचं नाव विसरतो. जीव चाळीस, चिलखत नाही, हिंमत बारा.

ती काळी बोटं तुम्हाला माझ्या चौदा जानेवारीच्या पत्रात मिळाली. मी धरणाच्या पाहणीहून परतले, तेव्हा आई स्वयंपाकघराचं दार सताड उघडं टाकून अनवाणी उभी होती. बाहेर शून्याखाली बावीस अंश होते. किती वेळ उभी होती ते तिला सांगता आलं नाही. बोटं वाचतील की नाही हे डॉक्टरांना सांगता आलं नाही. त्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही. पान एकशे बारा हेच उत्तर, असं मी धरून चालते.

आणखी एक. राक्षसाला काय हवं ते कार्डाच्या मागच्या बाजूला लिहायचं, हा नियम आईचा. गुरुवारी आपण तळघरात खेळायला बसलो की ती कॉफी घेऊन खाली यायची आणि तुमची कार्डं उलटून बघायची. मागे कोरं दिसलं की म्हणायची, ज्याला काही नकोच ते फर्निचर झालं रे व्हर्लिन, राक्षस कसला? आता तिच्याच पानावर तुम्ही लिहिलं आहे, 'हिला काहीही नको.'

छपाई वीस मार्चला आहे. त्याआधी हे पान निघालं पाहिजे. नाही निघालं तर त्रेसष्ट राक्षसांचे माझे आकडे मी परत घेईन. मग तुमचा दलदलीतला रेडा पहिल्याच फेरीत सगळ्यांना का मारतो, हे लोकांना तुम्हीच समजावून सांगा.

कळावे. लोभाचं पुढे बघू.
सोल्वेग

---

टुसॉन, ॲरिझोना
१६ फेब्रुवारी १९८८

चि. सोल्वेग हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. आधी वाटलं, आयकर खात्याचंच आहे. मी 'तुम्ही' कधीपासून झालो गं? सायकलवरून पडून माझ्या खांद्यावर शेंबूड पुसणारी पोरगी ती तूच ना?

इकडे अंगणात संत्री लगडली आहेत, आणि तुझ्या पत्राने मात्र हात गारठले. आता नीट ऐक. राक्षस म्हणजे शिवी नव्हे. पस्तीस वर्षं मी राक्षस रचतो आहे; जे आवडत नाही त्याचा चांगला राक्षस होतच नाही. त्या पुस्तकातल्या ड्रॅगनलासुद्धा मी हिंमत दहा दिली आहे. बारा फक्त आर्लिसला. दोन फासे टाकायचे, बेरीज हिंमतीच्या वर गेली की राक्षस पळतो. बाराच्या वर बेरीज जाईल कुठून? म्हणजे तुझी आई कधीच, कुणासमोरही पळत नाही. याहून मोठं मी तिच्याबद्दल काय लिहू शकलो असतो?

आणि तू कुठली एवढी सोवळी? नववीत असताना गणिताच्या बाईंचा चिखलराक्षस कुणी केला होता? नाकातून खडू उडवणारा? आर्लिस तर जिन्यात बसून पोट धरून हसली होती.

यायचं म्हणशील तर गुडघ्याने दगा दिला आहे, आणि विमानात मला कोंडल्यासारखं होतं. उन्हाळ्यात बघू. तिला माझी आठवण सांग. त्रेसष्ट आकड्यांचं असं काही करू नकोस, राणी. तुझ्याशिवाय मला साधी बेरीज जमत नाही.

रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझा मामा
व्हर्लिन

---

वेस्टबी
२२ फेब्रुवारी १९८८

ती. व्हर्लिनमामांस,
सा. न. वि. वि.

गणिताच्या बाईंना मी रोज पन्नास मिनिटं समोरून बघत होते. ज्याला समोर जाऊन बघितलं त्याचा राक्षस करायला माझी हरकत नाही. तुम्ही आईला शेवटचं बघितलं त्याला दोन वर्षं चार महिने झाले. तेव्हा तिला दारात उभं राहायची सवय नव्हती. म्हणजे पान एकशे बारा तुम्ही माझ्या पत्रांवरून रचलंत. मी बातमी कळवत होते. तुम्ही माल गोळा करत होतात.

तुमच्या पानावर एक चूक आहे आणि ती तुम्ही समजून उमजून केली आहे. आई 'कोण आलं?' असं विचारत नाही. ती विचारते, 'व्हर्लिन आला का?' हेही मी लिहिलं होतं, दोनदा. टपालवाल्याला विचारते, नर्सबाईंना विचारते, मला दिवसाला वीसेक वेळा विचारते. अंधार पडायच्या सुमाराला जास्त. तुम्ही सहा-सात वर्षांचे असताना गाईंच्या धारा काढायच्या वेळी ओढ्यावर पळायचात आणि थोरली म्हणून तुम्हाला हाका मारायला ती दारात उभी राहायची, हे तुम्हीच मला हसत हसत सांगितलं होतंत. तिच्या लेखी तुम्ही अजून घरी आलेला नाहीत. त्यासाठीच ती दार उघडते. बोटं त्यासाठीच गेली. हो, एक गेलं. गेल्या बुधवारी काढलं.

तेव्हा 'हिला काहीही नको' हे खोटं आहे. आकडा चुकला तर दुरुस्त करता येतो. हे चुकलेलं नाही, लपवलेलं आहे.

गुडघ्याचं म्हणाल तर नोव्हेंबरमध्ये तुम्ही त्याच गुडघ्याने शिकागोच्या खेळमेळाव्याला गेला होतात, आणि विमानानेच. तुमचा फोटो मी पाहिला आहे.

तुमचंही कार्ड मी केलं आहे. नाव: व्हर्लिन. राहण्याचं ठिकाण: उबदार. हिंमत: दोन. म्हणजे फासे टाकल्यावर छत्तिसातल्या पस्तीस वेळा पळणार.

पान ठेवा किंवा काढा, मला आता त्याचं काही नाही. आकडेही राहू द्या. तुम्ही या. ती अजून तुमचं नाव घेते आहे. किती दिवस घेईल, ते डॉक्टर सांगत नाहीत.

कळावे.
सोल्वेग

---

टुसॉन
१ मार्च १९८८

चि. सोल्वेग,
आशीर्वाद.

पान काढायला छापखान्याला फोन केला. त्रेसष्टच जातील.

तुझं पत्र चारदा वाचलं. प्रश्न मी बदलला, खरं आहे. माझं नाव तिथे टाइप करायला बसलो आणि जमलं नाही. तू याला काय म्हणायचं ते म्हण.

शनिवारी, बारा तारखेला येतो. ला क्रॉसला उतरून भाड्याची गाडी घेईन. दुपारी दोनपर्यंत दारात. आर्लिसला आधी सांगू नकोस, उगाच थंडीत उभी राहील. कॉफी मात्र करून ठेव, तुझ्यासारखी पाणचट नको.

येतोच.
व्हर्लिन

---

वेस्टबी
१४ मार्च १९८८

ती. व्हर्लिनमामा,
सा. न.

शनिवारी दोन वाजता कॉफी तयार होती. पाच वाजता मी ती ओतून दिली. रस्त्यावर बर्फ होता, म्हणून साडेपाचला पोलीस चौकीत अपघाताची चौकशी केली. काही नव्हतं. तेव्हा वाटलं, निघालाच नसशील.

काल चर्च सुटल्यावर पेट्रोल पंपावरची डोरीन घरी आली, संत्र्यांची पिशवी घेऊन. करड्या रंगाची भाड्याची गाडी शनिवारी पावणेदोनला पंपावर लागली, म्हणाली. तू दोन कॉफ्या घेतल्यास. डोरीनने ओळखून विचारलं, अरे व्हर्लिन, किती दिवसांनी? तू तिला विचारलंस, आर्लिस माणसं ओळखते का? डोरीन म्हणाली, मला नाही ओळखत, पण तुझं नाव रोज घेते, जा की पटकन. मग तू इंजिन चालू ठेवून पन्नास मिनिटं गाडीत बसलास. नंतर आत येऊन पिशवी तिच्या टेबलावर ठेवलीस आणि ला क्रॉसच्या दिशेने गाडी वळवलीस. कॉफ्यांचे दोन्ही पेले भरलेलेच कचऱ्यात सापडले, असंही ती म्हणाली.

पंपापासून आमच्या दारापर्यंत एक पूर्णांक तीन दशांश मैल. मी आज मोजलं.

डोरीन हे सांगत होती तेव्हा आई तिथेच उभी होती. तिने विचारलं, व्हर्लिन आला का? मी काही बोलायच्या आत डोरीन म्हणाली, जवळजवळ. आईने माझ्या हातातून पिशवी घेतली आणि सगळी संत्री दाराबाहेरच्या पायरीवर मांडून ठेवली, कुणाला घर चुकू नये तशी. रात्रीत ती गोठून दगड झाली. आज ती मला उचलू देत नाही.

मी 'तुम्ही' सोडलं आहे, हे तुझ्या लक्षात आलं असेल. त्याचा अर्थ राग गेला असा नाही. 'तुम्ही' म्हणून लांब ठेवण्याएवढा तू जवळच आला नाहीस.

सोबत दोन कार्डं आहेत. आईचं मी दुरुस्त केलं आहे. हिंमत बारा, ती तुझीच, बदललेली नाही. मागे 'काय हवं' इथे तुझं नाव लिहिलं आहे. 'हरवायचं कसं' हे तू लिहिलंच नव्हतंस, ते असं: 'दारात उभं राहून एकदाच सांगायचं, आलो. ते खरं असलं पाहिजे.'

दुसरं कार्ड तुझं. हिंमत दोन लिहिली होती ती माझी चूक. तू पंपापर्यंत आलास, म्हणून तीन केली आहे. आता छत्तिसातल्या तीन वेळा तू थांबशील. आकडा मी दोनदा तपासला आहे. याहून जास्त बसत नाही.

मागची बाजू मला भरता आली नाही. ती कोरी ठेवली आहे. आईचा नियम तुला ठाऊक आहे.

दार उघडंच असतं. मी लावते, ती उघडते.
सोल्वेग