सरकारी खर्चाने आलेले गोविंदराव

प्रिय आप्पा,

तुम्हाला माहीत होतं का?

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. बाबांकडे नाही, आत्याकडे नाही आणि ज्यांच्याकडे असू शकलं असतं ते तुम्ही, तुम्हाला जाऊन आता आठ महिने झाले. म्हणून पत्र लिहितेय. समोर बसून विचारलं असतं तर तुम्ही "आधी चहा टाक" म्हणून विषय बदलला असतात. पत्रात तुम्हाला ती सोय नाही!

झालं असं, की यंदाच्या गणेशोत्सवात मंडळ सिंगापुरातल्या सगळ्यात जुन्या मराठी कुटुंबाचा सत्कार करणार आहे. शाल, श्रीफळ आणि स्मरणिकेत दोन पानं. ते कुटुंब म्हणजे आपण. स्मरणिकेचे संपादक करमरकर काका एकदा बाबांच्या टॅक्सीत बसले. एअरपोर्टपासून बुकित तिमाहपर्यंत बाबांनी त्यांना तुमचे पणजोबा गोविंदराव ऐकवले. कॉन्डोच्या गेटपाशी उतरताना काका म्हणाले, "अहो, बँकेने पाठवलं म्हणून आम्ही परवा आलो आणि मिरवतोय. खरे इथले मराठी तुम्ही!" बाबांनी त्या दिवशी पुढचं एकही पॅसेंजर घेतलं नाही. पेढे घेऊन सरळ क्वीन्सटाउनला घरी आले.

आणि दोन पानं लिहायची कोणी? घरातल्या एकुलत्या एका ग्रॅज्युएटने!

माझ्या पदवीदानाचा दिवस आठवतो ना? मी काळा झगा घालून घामाने भिजले होते आणि तुम्ही शेजारच्या चिनी आजोबांना इंग्रजीतून सांगत होतात, की माझ्या या नातीच्या पूर्वजाने हा समोरचा आख्खा रस्ता बांधला, पाचशे माणसं हाताखाली होती. मी लहान असताना ती पन्नास होती, आप्पा! त्या आजोबांनी नम्रपणे विचारलं, "इंजिनिअर?" तुम्ही क्षणभरच थांबलात आणि म्हणालात, "त्याहून वरचे."

मग माझ्याकडे वळून म्हणालात, "आता तू शिकलीस. माझ्या पणजोबांना कागदावर आण."

आणले. तीन महिने दर शनिवारी जुन्या दप्तरांच्या मायक्रोफिल्मवर डोळे फोडले. शाळेतल्या माझ्या मुलांना मी शिकवते, की ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, मूळ कागद पाहा. मूळ कागदात हे सापडलं: गोविंदा वलद रामा, वय सुमारे बावीस, मुंबई इलाखा. गुन्हा, म्हैस चोरणे, रेडकासह. शिक्षा, सात वर्षं काळं पाणी. ठिकाण, सिंगापूर.

मी ती ओळ चार वेळा वाचली. राव कुठेच नव्हतं. ते तुम्हीच लावलंत ना?

पहिल्यांदा मी काय केलं असेल? त्यांची बाजू मांडायला लागले! रेडकू त्यांनी चोरलं नसणार. म्हैस निघाली की रेडकू आपण होऊन मागे जातं. त्याचा गुन्हा वेगळा कसा धरला? मायक्रोफिल्मच्या काउंटरवरच्या बाईंना मी हे समजावूनसुद्धा सांगितलं. त्या म्हणाल्या, "Five minutes more, we closing already."

नंतर एमआरटीच्या ट्रेनमध्ये बसल्यावर तुमची एकेक वाक्यं आठवायला लागली. इंग्रजांनी त्यांना स्वतःच्या जहाजातून आणलं, तिकिटाला पैसा घेतला नाही. खरं. उतरल्याबरोबर राहण्याची सरकारी सोय. खरं. सरकारने सात वर्षं त्यांना सोडलंच नाही. हे तर शब्दशः खरं! हाताखाली माणसंही होती, कारण चांगल्या वागणुकीबद्दल त्यांना रस्त्याच्या कामावरच्या इतर कैद्यांवर मुकादम केलं होतं. एकोणीस माणसं होती, आप्पा.

म्हणून विचारते. माहीत नव्हतं, तर माणसांचा आकडा सोडून एकही वाक्य खोटं कसं ठरत नाही? निवृत्तीनंतर वीस वर्षं तुम्ही पेपरातल्या निविदासुद्धा वाचल्यात, मग दप्तरखान्याची पायरी कधी का चढला नाहीत? आणि माहीत होतं, तर मला तिथे का पाठवलंत? स्वतःच सांगितलं असतंत तर माझे शनिवार तरी वाचले असते!

मी घाबरले ते मात्र बाबांसाठी. सत्कारासाठी त्यांनी नवा कुर्ता शिवला होता, इस्त्री करून दाराच्या मागे टांगला होता आणि येता-जाता त्यावरून हात फिरवत होते.

आत्याला नोव्हेनाला गाठलं. तिची हॉस्पिटलच्या किचनमधली ड्यूटी संपत होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "अगं, मग मुकादम लिही. मुकादम खोटं आहे का?"

"पण त्याच्या आधीचं?"

"त्याच्या आधीचं कोण विचारतं? नोकरीच्या अर्जात तू प्रिलिमला गणितात नापास झालेली लिहिलं होतंस का?"

"आत्या, हा इतिहास आहे."

"आणि तो माझा भाऊ आहे. त्याला नीट मिरवू दे एक दिवस."

मला तिचं पटत होतं, हीच अडचण होती. दोन दिवस मी 'मुकादम' लिहून पाहिलं. सुरेख दिसत होतं. मग वर्गात उभी राहून मूळ कागदाबद्दल बोलायला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. त्या संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगून टाकलं.

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "एकवीस वर्षं टॅक्सी चालवतोय. मागे डॉक्टर बसो, मॅनेजर बसो, मी मनात म्हणायचो, बस बाबा आरामात, पण रस्ता आमच्या माणसाचा आहे. आता काय म्हणू?"

आणि चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. म्हणजे आत्याला फोन करून सांगायचे, "तिला सांग, आमटी झाकून ठेवलीय." आत्या मला फोन करून आमटी कळवायची. तिघांच्या फोनचं बिल वाढलं, पण घर चालू राहिलं.

पाचव्या दिवशी सकाळी ते टॅक्सीची किल्ली हातात घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"किती वर्षांची शिक्षा म्हणालीस?"

"सात."

"सात झाल्यावर?"

"सुटले."

"मग परत का नाही गेला तो? परतीची बोट असेल ना?"

आप्पा, मी ग्रॅज्युएट! मूळ कागदवाली! आणि हा साधा प्रश्न मला सुचला नव्हता. चोरी आणि मुकादमी सापडल्यावर मी फिल्म गुंडाळून घरी आले होते. पुढच्या शनिवारी बाबा मला स्वतः सोडायला आले, मीटर बंद करून. संध्याकाळी न्यायला आले तेव्हा मी मागचं दार उघडायच्या आधीच त्यांनी विचारलं, "सापडलं?"

"सापडलं. बोट होती. फुकट नेणार होते. हे गेले नाहीत. सरंगूनला गोठा घातला आणि दूध विकायला लागले."

"गोठा? कशाचा?"

"म्हशींचा, बाबा."

बोलता बोलता टॅक्सी सिग्नलला थांबली होती; बाबा रस्त्याकडे बघत होते. "विकत घेतलेल्या ना?"

"पावत्या मिळाल्या नाहीत."

ते असे हसले, की मागच्या लॉरीने हॉर्न वाजवला. तुम्ही गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. सिग्नल दोनदा हिरवा झाला. मग डोळे पुसत ते म्हणाले, "सात वर्षं सरकारने ठेवला म्हणून होता. पुढे राहिला तो त्याच्या मर्जीने. माझा माणूस तो. लिही. सगळं लिही. शाल दिली तर घेईन. नाही दिली तर या उकाड्यात शाल पांघरायची कधी?"

करमरकर काकांनी मजकूर वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "छान आहे. ओघवतं आहे. फक्त सुरुवातीला... 'प्रशासकीय कारणास्तव स्थलांतर' असं म्हणता येईल का?"

"नाही," बाबा म्हणाले. "म्हैसच म्हणा."

"आणि रेडकू?"

"त्यात त्यांचा दोष नव्हता," मी म्हणाले.

काकू आतून चहा घेऊन आल्या. उभ्याउभ्याच त्यांनी दोन्ही पानं वाचली आणि म्हणाल्या, "गोठा एकट्याने चालतो होय? या गोविंदरावांच्या बायकोचं नाव काय?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं, मी त्यांच्याकडे. ती बाई कोण होती, कुठली होती, मराठी बोलत होती की मलाय? गोविंदरावांच्या पाचशे माणसांची गणती तुम्ही केलीत, पण ती एक तुमच्या गोष्टीत कधीच आली नाही. आणि मीही कधी विचारलं नाही! तुमच्यावर रागवावं, तर निम्मा राग माझ्या वाट्याला येतो.

तर आप्पा, तुम्हाला वचन देते. माझे शनिवार आता तिचे. ती कागदावर सापडेल की नाही, मला ठाऊक नाही. तिने काहीच चोरलं नसेल तर सापडणं आणखी कठीण. तरी मी शोधत राहीन, आणि जे सापडेल ते आहे तसं लिहीन.

काल छापखान्यात प्रूफ तपासायला गेले होते. वंशावळीत गोविंदरावांच्या शेजारी एक ओळ कोरी सोडायला सांगितली. माणूस म्हणाला, "मिस, इथे काहीतरी राहिलंय." मी म्हटलं, राहिलंय, तसंच छापा. आणि खाली सही केली.

तुमची,
रेवा