ताईचं भरतकाम देऊन आले

प्रिय ताई,

काल तुझे उशांचे अभ्रे, मेजपोस, पाखरं भरलेल्या त्या चादरी, सगळं देऊन आले. घरी येऊन तुझं कपाट उघडलं आणि तिथंच खाली बसले. हे दुसऱ्या कोणाला सांगू? म्हणून तुलाच लिहितेय.

डेंग्यूनं तुला नेलं त्याला वर्ष होत आलं. कोणी विचारलं की आई तेवढंच सांगते, ताप आला अन् गेली. त्याआधी कितीतरी वर्षं तू दिवसदिवस उठायची नाहीस, केस विंचरायची नाहीस, ते ती सांगत नाही. तू असताना तरी कुठं सांगायची? "तिले अशक्तपणा आहे," म्हणून पाहुण्यांना दारातूनच वळवायची.

मग तू हुडकेश्वरच्या त्या बायांच्या गटात जायला लागलीस. आठवतं? दर बुधवारी विहाराच्या हॉलमध्ये सगळ्या गोल बसायच्या, समुपदेशन करणाऱ्या मॅडम यायच्या, आणि सुई चालवता चालवता मनातलं बोलणं व्हायचं. पहिल्या दिवशी परत आलीस आणि स्वतःहून ताट वाढून घेतलंस. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते.

त्याच गटाला आता पारशिवनीकडच्या गावांत काम सुरू करायचंय. त्यासाठी इथं नागपुरातच, नंदनवन भागात हातकामाची विक्री ठेवली. मॅडमनी तुझं काही देता का विचारलं. मी हो म्हटलं, आणि आई कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

"माह्या पोरीचं एवढंच राहिलं. तेही वाटून देतं काय?"

मी विषयच सोडून दिला. पण विक्रीच्या दिवशी सकाळी उठून बघते तर आई तुझ्या चादरींना इस्त्री करून राहिली होती. म्हणाली, "चाल. मी पण येते."

तिथं पारशिवनीची एक बाई तुझ्या पाखरांवरून कितीतरी वेळ हात फिरवत होती. "कोनं केलं वं हे?"

"माह्या मोठीनं. गेली ती. डेंग्यूनं." आई थांबली. मला वाटलं, झालं. पण ती पुढं म्हणाली, "त्याच्या आधी तिले मनाचा आजार होता. खूप वर्षं."

बाई आईजवळच्या खुर्चीवर बसली. हळूच म्हणाली, "माह्या पोरीचंही असंच आहे. भिंतीकडं तोंड करून पडून राहते. जावई म्हणते, सोंग करून राहिली."

आईनं तिचा हात धरला. "सोंग नाही वं बाई ते. सोंग नाही."

ताई, हे एक वाक्य आईच्या तोंडून ऐकायला तू किती वाट पाहिलीस! आणि ते तिनं एका अनोळखी बाईला सांगितलं. मला राग आला, खरं सांगते. आईचा नाही, तुझा. एवढी घाई काहून केलीस?

येत्या बुधवारी ती बाई लेकीला घेऊन नागपूरला, तुझ्या गटात येणार आहे. बसस्टँडवर आणायला मी जाणार. ती मुलगी बोलली नाही, आल्या पावली परत निघाली, तरी मी दुसऱ्या बुधवारी पुन्हा जाईन. ती आत येऊन बसेपर्यंत जात राहीन. हे तुला वचन.

तुझीच,
लहानी