बकऱ्या बसल्या ती जागा

मंगळवार, संध्याकाळ

हुश्श! सुटले एकदाची. काटोल रोडच्या माळावर समुद्रकाठचं वाटेल असं गोल्फचं मैदान करायचं काम मीच हौसेनं घेतलं. टेकाडं जमली, पण खेळणाऱ्याचा चेंडू अडकावा म्हणून ठेवतात तो वाळूचा खड्डा कुठेही आखला तरी मुद्दाम खणलेलाच दिसायचा. आज बघते तर टेकाडाखाली शेजारच्या पुंडलिकभाऊंच्या बकऱ्या! मी ओरडलेच. ते म्हणाले, "वारा सुटला ना मॅडम, म्हणून आडोशाले बसून राहिल्या त्या."

आडोसा! परदेशात समुद्रकाठी मेंढ्या अशाच वाऱ्याआड बसायच्या, बसून बसून गवत झिजायचं, खालची वाळू उघडी पडायची, त्यातूनच हे खड्डे झाले म्हणतात. वाचलं होतं की मी! मग नकाशावर काय शोधत होते? बकऱ्या बसल्या तिथेच चुन्याची खूण केली. पुंडलिकभाऊंना म्हटलं, उद्या पलीकडच्या टेकाडावर आणा. अजून बरेच खड्डे राहिलेत.